नवं झाड 'सापडत' नाही

दर दोन-तीन महिन्यांनी पेपरात एक बातमी येते. आतल्या पानावर, बहुधा राशिभविष्याच्या शेजारी. "ॲमेझॉनच्या जंगलात झाडाची नवी प्रजाती सापडली." सोबत एक हिरवट धूसर फोटो. वाचताना डोळ्यासमोर काय येतं? खाकी टोपी घातलेला एक माणूस कोयत्याने वेली तोडत चाललाय, एकदम थबकतो आणि ओरडतो, "अरे, हे तर नवीनच!"

असं होत नाही. म्हणजे जवळजवळ कधीच होत नाही. आमचं रिलीज एकदाचं पार पडल्यामुळे गेले काही शनिवार-रविवार मला परत मिळालेत (देवाची कृपा), आणि ते मी या एका विषयावर हाताला लागेल ते वाचण्यात घालवलेत. त्यातून माझं ठाम मत झालंय की त्या बातमीतलं 'सापडली' हे क्रियापदच चुकीचं आहे. तुम्ही म्हणाल, झालं, शब्दाचा कीस काढायला लागला. पण हा नुसता शब्दाचा प्रश्न नाहीये. चुकीच्या क्रियापदामुळे कौतुक भलत्याच माणसाच्या पदरात पडतं, पैसा भलतीकडे जातो आणि तोवर झाड तोडून झालेलं असतं.

(जाता जाता: शास्त्रीय मराठीत स्पीशीज म्हणजे 'जाती' आणि जीनस म्हणजे 'प्रजाती'. पेपरवाले सगळ्यालाच प्रजाती म्हणतात. मी इथे जातीच म्हणणार आहे, दुसरा कुठलाही अर्थ कृपया काढू नये.)

आता एक गोष्ट ऐका. सगळी खरी आहे.

१९७३ साली रॉबिन फॉस्टर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पेरू देशातल्या मानूच्या जंगलात पायवाटेने चालले होते. मानू म्हणजे ॲमेझॉनचं खोरं जिथे अँडीज पर्वताला जाऊन टेकतं तो भाग. वाटेच्या कडेला त्यांना एक झाड दिसलं. अवाढव्य वगैरे काही नाही, जेमतेम वीस फूट उंच. पानं अगदी सर्वसाधारण. फळं मात्र गमतीशीर, नारिंगी रंगाची, कागदासारख्या पापुद्र्याची, अगदी छोट्या आकाशकंदिलासारखी. फॉस्टर यांनी फांदी तोडली, दाबून वाळवली आणि नमुना जपून ठेवला.

इथपर्यंत बातमीसारखंच चाललंय ना? आता पुढे.

जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाला अनोळखी झाड दाखवलं तर जात नाही सांगता आली तरी कूळ बहुतेक वेळा सांगता येतं. हे आंब्याच्या कुळातलं, हे सीताफळाच्या, हे लिंबाच्या. या झाडाचं कूळच कुणाला सांगता येईना. एरर आलीय हे दिसतंय, पण कुठल्या मोड्यूलमधून आलीय हेच कळत नाही, अशी अवस्था. फॉस्टर यांनी या-त्या तज्ज्ञाला नमुना दाखवला. सगळे बघायचे, डोकं खाजवायचे आणि परत करायचे. टिकेट ओपन, साल १९७३. वर्षं जात राहिली. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या नॅन्सी हेन्सोल्ड यांनी हे कोडं मनावर घेतलं. वाळलेल्या नमुन्यातून डीएनए काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग मानूच्या जंगलात वर्षानुवर्षं काम केलेल्या पॅट्रिशिया आल्वारेझ-लोआयसा यांनी ते झाड पुन्हा शोधलं आणि ताजा नमुना पाठवला. डीएनएचं उत्तर आलं ते असं की आधी वाटलं प्रयोगशाळेतच काहीतरी गडबड झाली असावी. झाड निघालं पिक्राम्निएसी नावाच्या एका लहानशा कुळातलं, आणि दिसायला तर ते त्या कुळातल्या कुणासारखंच नव्हतं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे वेट थॉमस हे त्या कुळाचे जाणकार. त्यांचाही आधी विश्वास बसेना. मग त्यांनी ती दोन-तीन मिलिमीटरची फुलं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि ते म्हणाले, बरोबर आहे.

२०२१ साली वर्णन छापून आलं. नाव एनिग्मानू अल्वारेझिए. म्हणजे मानूचं गूढ, आणि पुढे पॅट्रिशिया आल्वारेझ यांचं नाव. नुसती नवी जाती नाही, प्रजातीसुद्धा नवी. (पेपरवाले या एका वेळी बरोबर ठरले.)

आता मला सांगा, हे झाड 'सापडलं' कधी? १९७३ मध्ये? तेव्हा ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. २०२१ मध्ये? तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षं संग्रहात होतं. आणि त्या भागातले माचिगेंगा आदिवासी ते झाड पूर्वापार वापरत आलेले आहेत, त्यांना तर ते कधीच हरवलेलं नव्हतं!

हे एखादं अपवादात्मक उदाहरण म्हणून मी शोधून काढलं असेल असं वाटत असेल तर २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. नव्याने वर्णन केलेल्या वनस्पतींचे नमुने मुळात कधी गोळा केले होते, हे त्यात तपासलं होतं. गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालं अशा जाती निघाल्या फक्त १६ टक्के. जवळजवळ एक चतुर्थांश जातींच्या वर्णनात पन्नास वर्षांहून जुने नमुने वापरावे लागले होते. आणि अंदाज असा की फुलझाडांच्या ज्या सुमारे ७०,००० जातींचं वर्णन अजून व्हायचंय, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आधीच गोळा झालेल्या आहेत. जंगलात नव्हे, कपाटात! आपल्या भाषेत बोलायचं तर बग रिपोर्ट केव्हाच आलेत, वाचायला माणूस नाही.

हे कपाट म्हणजे हर्बेरियम. जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी, किती उंचीवर, फुलाचा रंग काय (रंग लिहावाच लागतो, वाळल्यावर सगळंच तपकिरी होतं). लंडनजवळच्या क्यू उद्यानात असे ७० लाख नमुने आहेत. आपल्या मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं आहे. त्यांच्या बाहेरच्या रस्त्यावरून आपल्यातले निम्मे लोक कितीदा तरी गेले असतील.

बरं, वर्णन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे मला मनापासून कौतुक वाटतं, कारण ही यंत्रणा आपल्या कुठल्याही व्हर्जन कंट्रोलपेक्षा जुनी आहे आणि अजून चालते. एक नमुना 'टाइप' म्हणून ठरवायचा, म्हणजे हे नाव कायमचं या एका फांदीला बांधलेलं. उद्या कुणी वाद घातला तर उठायचं आणि ती फांदी बघून यायचं. मग जवळच्या सगळ्या जातींशी तुलना करून वेगळेपण कशात आहे ते लिहायचं आणि रीतसर छापायचं. नावांची मोजणी सुरू होते १७५३ पासून, लिनियसच्या ग्रंथापासून. त्यानंतर जगात कुणीही, कुठेही, कुठल्याही कोपऱ्यातल्या मासिकात या झाडाला आधीच नाव दिलेलं नाही ना, हे तपासणं ही तुमची जबाबदारी. दिलेलं असेल तर जुनं नाव जिंकतं, तुमचं बाद. तेव्हा खरी मेहनत 'हे नवीन आहे' म्हणण्यात नाहीये, 'हे जुन्यांपैकी एकही नाही' हे सिद्ध करण्यात आहे. त्यासाठी निरनिराळ्या देशांतले शेकडो कागद बघावे लागतात. आणि २०११ सालापर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागायचं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालायला लागलं आणि नुसतं ऑनलाइन छापलेलंही चालायला लागलं. पीडीएफला मान्यता मिळायला २०१२ साल उजाडलं म्हणून हसू नका, आपल्याकडे अजून तीन प्रतींत झेरॉक्स मागतात.

त्यात हे प्रकरण झाडांचं. गवत उपटून आणता येतं. वर्षावनातल्या झाडाची फुलं चाळीस मीटर उंचीवर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांच्या गच्चीवर. खालून दिसतं नुसतं खोड. शिवाय फुलं दरवर्षी येतीलच असं नाही. बोर्निओमधली कितीतरी मोठी झाडं काही वर्षांतून एकदा, सगळी मिळून एकदम फुलतात. तुम्ही चुकीच्या वर्षी गेलात तर गेलात. यावर सगळ्यात भन्नाट उपाय काढला ई. जे. एच. कॉर्नर यांनी. १९३०च्या दशकात ते सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये होते. मलायात नारळ उतरवायला माकडं शिकवून तयार करतात हे त्यांनी पाहिलं आणि नमुने गोळा करायला चक्क माकडं ठेवली. माकड वर जायचं आणि सांगितलेली फांदी तोडून खाली टाकायचं. या माकडांना मलय भाषेतले हुकूम कळायचे. आमच्या कोकणात माकडं नारळाचं जे करतात ते बघता ही कल्पना इकडे का सुचली नाही ते उघड आहे.

उंचीचं सोडा, आकारही लपायच्या आड येत नाही. ब्राझीलच्या एस्पिरितो सान्तो राज्यातलं एक झाड बघा. चाळीस मीटर उंच, वजन साठ टनांच्या वर, शेंगा हातभर लांब आणि लाकडासारख्या टणक. विज्ञानाच्या वहीत त्याची नोंद झाली २०१७ साली. क्यूचे ग्विलिम लुईस आणि त्यांचे सहकारी यांनी ते वर्णन केलं तेव्हा अशी झाडं फक्त पंचवीसच्या आसपास माहीत होती. नाव ठेवलं डिनिझिया जुएइराना-फाकाओ. यातलं जुएइराना-फाकाओ हे स्थानिक लोकांचंच नाव. फाकाओ म्हणजे कोयता, शेंगेवरून. म्हणजे नावसुद्धा आधीपासून होतं! शास्त्रज्ञांनी ते तसंच उचललं, याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क.

स्थानिक माणसाला श्रेय देणं ही काही आजची टूम नाही. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ या काळात. त्यात माहिती देणारे होते इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. पहिल्या खंडात या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र छापलंय, कोंकणी भाषेत, नागरी लिपीत. शिवाजी महाराजांच्या काळात ॲमस्टरडॅमला छापलेली नागरी! पुढे लिनियसने या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला आणि त्याने दिलेल्या कितीतरी नावांचा 'टाइप' आज या ग्रंथातली चित्रंच आहेत. ज्यांना हे माहीत नाही त्यांना मी गेले पंधरा दिवस सांगत सुटलोय. ऑफिसातले लोक आता मला टाळतात.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. एवढा आटापिटा कशासाठी? माझ्या एका मित्राने लंचला हेच विचारलं. "झाड आहे ना तिथे? मग नाव असलं काय, नसलं काय, झाडाला काय फरक पडतो?"

पडतो बाबा. कॅमेरूनमध्ये एबो नावाचं वर्षावन आहे. गोरिला, चिंपांझी, सगळं असलेलं. २०२० साली सरकारने तिथे लाकूडतोडीसाठी परवाना द्यायचं ठरवलं. स्थानिक लोक आणि शास्त्रज्ञ यांनी विरोध केला, लिओनार्डो डिकॅप्रिओने तो विषय जगभर नेला, आणि त्या ऑगस्टमध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. अशा भांडणात शास्त्रज्ञ काय घेऊन जातात? यादी. या-या जाती इथे आहेत, यातल्या इतक्या नामशेष व्हायच्या बेतात आहेत, यातल्या काही दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि लाल यादीत नोंद व्हायची तर सहसा आधी रीतसर छापलेलं नाव लागतं. एबोमध्ये एक चार मीटरचं छोटं झाड आहे, सीताफळ-रामफळ-हिरवा चाफा यांच्या कुळातलं. फुलं पिवळी-हिरवी, तुकतुकीत, आणि फणस जसा खोडाला लागतो तशी थेट खोडावर येणारी. २०२०च्या भांडणात हे झाड बिनावकिलाचं होतं, कारण त्याचं वर्णनच २०२२च्या जानेवारीत आलं. नाव उव्हॅरिऑप्सिस डिकॅप्रिओ. नटाचं नाव दिलं म्हणून काही लोकांनी नाकं मुरडली. मी म्हणतो, द्या! त्या नावामुळे जगभरच्या पेपरांत एबोचं नाव छापून आलं. वर्णन छापलं तेव्हा या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नव्हता, आणि झाड छापतानाच 'अतिधोक्यात' या वर्गात गेलं.

आणि हे योगायोगाने होत नाही, गणितच तसं आहे. २०२२ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने अंदाज काढला: जगात झाडांच्या सुमारे ७३,००० जाती असाव्यात आणि त्यांतल्या ९,००० च्या आसपास अजून विज्ञानाला माहीत नाहीत, अशा अज्ञात जातींपैकी साधारण ४० टक्के दक्षिण अमेरिकेत. न बघितलेल्या गोष्टी मोजल्या कशा? एकदाच दिसलेल्या आणि दोनदाच दिसलेल्या जाती किती आहेत यावरून. टेस्टिंगवाल्या मंडळींना ही युक्ती ओळखीची वाटेल. दोन टेस्टर्सना सापडलेल्या बग्जमध्ये किती समान आहेत यावरून उरलेले बग्ज मोजतात, त्याच जातकुळीची. आता दुसरा आकडा. २०१३च्या एका अभ्यासानुसार ॲमेझॉनमध्ये झाडांच्या सुमारे १६,००० जाती असाव्यात, पण त्यांतल्या फक्त २२७ जाती मिळून निम्मी झाडं होतात. उरलेल्या बहुतेक दुर्मिळ. म्हणजे जे अजून वहीत आलेलं नाही ते बहुधा थोडं आहे, एखाद्याच टेकडीवर आहे. आणि एक टेकडी साफ करायला किती दिवस लागतात ते पुण्याच्या माणसाला मी सांगायला नको.

यावर आमच्या धंद्यातल्या लोकांचं उत्तर ठरलेलं. "ॲप काढू. फोटो काढा, एआय सांगेल." हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. ही ॲप्स मीही वापरतो, छान आहेत. पण मॉडेल ज्या नावांवर शिकलंय त्यांतलंच एक नाव सांगणार. फॉस्टर यांचं ते झाड त्याला दाखवलं असतं तर त्याने मख्खपणे कुठल्यातरी ओळखीच्या झाडाचं नाव ठोकून दिलं असतं, वर ८७ टक्के खात्री. 'यातलं एकही नाही' हे म्हणायला जो माणूस लागतो तो तीस वर्षं एकाच कुळाची फुलं बघत बसलेला असतो. डीएनए मदत करतो, मानूच्या झाडात त्यानेच दिशा दाखवली. पण त्याचं उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला शेवटी थॉमस यांना फूल बघावं लागलं.

असा माणूस गेला की काय जातं याचं उदाहरण म्हणजे आल्विन जेन्ट्री. दक्षिण अमेरिकेतली झाडं ते फूल नसताना, फळ नसताना, नुसतं पान, साल आणि वास यांवरून ओळखत. १९९३ साली इक्वेडोरमध्ये पाहणी करताना विमान कोसळून ते गेले. त्यांचं ओळख-पुस्तक त्याच वर्षी बाहेर आलं म्हणून निदान तेवढं कागदावर उतरलं. आपल्या टीममधला एकच माणूस ज्याला जुना कोड कळतो तो नोकरी सोडून गेला तर आपण दोन आठवडे रडत बसतो. इथे तो कोड परत कुणाला लिहिता येणार नाही.

म्हणून म्हणतो, मोहिमांना पैसा मिळतो (फोटो छान येतात), तसा कपाटासमोर बसणाऱ्यांना मिळाला पाहिजे. एक खुर्ची, एक सूक्ष्मदर्शक आणि कायमची नोकरी. तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर ठेवलेला मुलगा एखादं कूळ शिकून तयार होतो तेव्हा त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असतं, आणि तो मग आपल्याकडे डेटा सायन्समध्ये येतो. चांगली मुलं असतात, पण तिकडे जास्त उपयोगी पडली असती.

कॅमेरूनचीच अजून एक गोष्ट राहिली. तिथल्या बाली न्गेम्बा नावाच्या डोंगरी जंगलात १९५१ साली कुणीतरी एका झाडाची फांदी तोडून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवली. लिंबाच्या कुळातलं झाड. २०१८ मध्ये क्यूच्या मार्टिन चीक यांनी त्याचं वर्णन छापलं, नाव व्हेप्रिस बाली. दरम्यान ते जंगल शेतीखाली आक्रसत गेलं होतं, आणि पुढच्या पाहण्यांत ते झाड काही दिसलं नव्हतं. त्यामुळे ज्या लेखात त्याला नाव मिळालं त्याच लेखाच्या शीर्षकात 'बहुधा नामशेष' असंही छापावं लागलं. फांदी कपाटात सदुसष्ट वर्षं होती.